केबिनचा प्रकार नंतर, आधी नकाशावरची जागा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या सुट्टीत सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणारी चार रात्रींची क्रूझ आपण ठरवली आहे. आपण, पत्नी, चौदा आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील असे सहा जण आहात. वडिलांचे गुडघे दुखतात. आईंना घाटात बस लागते, तेव्हा बोटही लागेल अशी त्यांना धास्ती आहे. आपले एजंट म्हणतात की बाल्कनीच्या दोन ‘गॅरंटी’ केबिन्स आत्ताच घेऊन टाका, स्वस्तात मिळत आहेत. त्या घ्याव्यात का, आणि त्याआधी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर एक छोटी फेरी करून पाहावी का, असे आपण विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी लोकांना क्रूझची आरक्षणे करून देत आहे आणि स्वतःही बऱ्यापैकी फिरलो आहे, त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो: गॅरंटी घेऊ नये. गॅरंटी या शब्दाने आपल्याकडे फसगत होते. त्यात हमी असते ती फक्त प्रकाराची, म्हणजे बाल्कनीचे पैसे भरले तर बाल्कनी किंवा त्याहून वरचे काहीतरी मिळेल एवढीच. केबिन कोणत्या डेकवर (म्हणजे जहाजाच्या मजल्यावर), जहाजाच्या कोणत्या भागात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली असेल, हे कंपनी आपल्या सोयीने ठरवते, आणि पुष्कळदा ते सुटण्याच्या काही दिवस आधीच कळते. इतरांनी न निवडलेल्या केबिन्स भरून काढण्याचा तो मार्ग आहे, म्हणूनच तो स्वस्त असतो. दोन तरुण मित्रांना मी तो आनंदाने सुचवतो. आपल्या दोन केबिन्स मात्र एक पुढच्या टोकाला अकराव्या डेकवर आणि दुसरी मागच्या टोकाला आठव्या डेकवर आली, तर वडिलांच्या गुडघ्यांचे काय होईल याचा विचार करावा. सिंगापूरहून सुटणारी मोठी जहाजे तीनशे मीटरांहून अधिक लांब आहेत.

आता हलण्याविषयी, कारण आईंची चिंता तीच आहे. जत्रेतला होडीचा मोठा पाळणा आपण पाहिला असेल. टोकाला बसलेले लोक आभाळात जाऊन येतात आणि किंचाळतात, मधल्या ओळीतले मात्र गप्पा मारत बसलेले असतात. जहाजाचे तसेच आहे. लाटेवर ते पुढून वर उचलले जाते आणि मागून दबते, मग उलट होते. या हालचालीत मधला भाग सर्वांत कमी हलतो. शिवाय ते डावीकडून उजवीकडे डोलते, आणि या डोलण्याचा आस पाण्याच्या पातळीच्या आसपास असल्यामुळे जितके वर जावे तितका झोका मोठा होतो. म्हणजे मधली आणि शक्य तितकी खालची केबिन सर्वांत स्थिर, आणि सर्वांत वरच्या डेकची पुढच्या टोकाची केबिन सर्वांत अस्थिर. गंमत अशी की पुष्कळ जहाजांवर किमती याच्या बरोबर उलट असतात. वरच्या डेकला जास्त पैसे पडतात आणि लोक ते आपणहून देतात, कारण उंच मजला म्हणजे चांगला मजला हा इमारतींमधला हिशेब आपण समुद्रावरही घेऊन जातो. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, त्यांच्यामुळे डोलणे पुष्कळ कमी होते. पण ते बाजूंचे डोलणे आवरतात, पुढचे-मागचे उचलणे नाही. म्हणून ‘आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, कुठेही झोपा’ हे वाक्य ऐकले की अर्धेच खरे मानावे.

आपल्या मार्गाबाबत मात्र मी आईंना निश्चिंत करू इच्छितो. सिंगापूर ते पेनांग आणि पुढे फुकेत हा प्रवास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून होतो. तिच्या एका बाजूला मलेशियाचा द्वीपकल्प आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा असल्याने मोठ्या लाटा उठायला तिथे मोकळे पाणीच फार नसते. डिसेंबरमध्ये त्या भागात ईशान्य मोसमी वारे वाहतात, आणि त्यांचा जोर द्वीपकल्पाच्या पलीकडे, दक्षिण चीन समुद्रात, जाणवतो. आपण त्याच आठवड्यात सिंगापूरहून व्हिएतनामला जाणारी क्रूझ निवडली असती, तर मी हे उत्तर वेगळ्या सुरात लिहिले असते. केबिनवर किती पैसे खर्च करावेत हे ठरवण्याआधी जहाज कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या महिन्यात जाणार आहे ते पाहावे, असे मी सर्वांनाच सांगतो. पण दरपत्रकात हा रकाना नसल्याने ते कुणी विचारत नाही.

बोट लागण्यात खिडकीचाही वाटा असतो. कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलत आहोत’ असे सांगते आणि डोळ्यांसमोरची भिंत ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगते. या विसंवादातून मळमळ येते. क्षितिज दिसले की डोळे आणि कान यांचे एकमत होते. त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांना अगदी आतली, बिनखिडकीची केबिन देऊ नये, निदान दिवसा पडून राहण्यासाठी तरी नाही. माझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जात. ते सांगत की जाणती माणसे वळकटी बोटीच्या मधल्या भागात, वारा लागेल आणि समुद्र दिसेल अशी पसरत, आणि पहिल्यांदा येणारे ऐसपैस जागा पाहून टोकाला जात व देवगड येईपर्यंत पस्तावत. केबिन निवडण्याचे निम्मे शास्त्र त्या वळकटीत आले. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि बोट हलायला लागण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो. आलेपाकाच्या वड्याही सोबत असू द्याव्यात. काहींना त्यांनी बरे वाटते.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे काम, आणि ते घरबसल्या फुकट होते: डेक प्लॅन वाचणे. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर जहाजाच्या प्रत्येक डेकचा नकाशा असतो. आपली केबिन ज्या डेकवर आहे तेवढाच नकाशा पाहून लोक थांबतात. तसे न करता आपल्या वरचा आणि आपल्या खालचा डेकही उघडावा आणि आपल्या केबिनच्या नेमक्या वर आणि नेमक्या खाली काय आहे ते पाहावे. वर केबिन्स, खाली केबिन्स, दोन्ही बाजूंना केबिन्स, ही सर्वांत शांत जागा. वर तरणतलावाचा डेक असेल, तर रात्री उशिरापर्यंत संगीत आणि पहाटे कर्मचारी आरामखुर्च्या सरकवतात तो खरखराट आपल्या उशीवर येतो. वर बुफेचे स्वयंपाकघर असेल तर रात्रभर ढकलगाड्यांची चाके फिरतात. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर गाणे ऐकू येत नाही, फक्त ढोलाचा ठोका पलंगातून पाठीला जाणवतो. हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या पहिल्याच क्रूझवर मी हौसेने निवडलेली केबिन नाट्यगृहाच्या थेट वर निघाली, आणि रोज रात्री दोन खेळ असत. दुसऱ्या खेळाचा शेवट कुठे येतो हे तिसऱ्या रात्री मला पाठ झाले होते.

नकाशावर काही कोऱ्या, नाव नसलेल्या जागा दिसतात. त्या बहुधा कर्मचाऱ्यांच्या वापराच्या असतात: चादरी-टॉवेलांची कोठारे, सेवा-लिफ्ट, दारे. त्यांना लागून असलेल्या केबिनला दरवाजे आपटण्याचा त्रास होतो. पुढच्या टोकाच्या खालच्या केबिन्सना बंदरात शिरताना जहाज आडवे सरकवणाऱ्या यंत्रांची, म्हणजे थ्रस्टरची, घरघर ऐकू येते, आणि जहाजे बहुधा पहाटे बंदराला लागतात. मागच्या टोकाला जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांचा, म्हणजे प्रोपेलरचा, कंप असतो. नव्या जहाजांत तो पुष्कळ कमी झाला आहे, पण जहाज वेग घेते तेव्हा पाण्याच्या पेल्यात तो दिसतो. तरीही मागच्या टोकाच्या बाल्कन्यांवर जीव टाकणारे प्रवासी आहेत, कारण जहाजाच्या मागे पसरत जाणारा पांढरा फेसाळ पट्टा तिथूनच दिसतो. तो मोह मला समजतो; आपल्या आई-वडिलांसाठी मात्र तो टाळावा.

वडिलांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे लिफ्टपासूनचे अंतर. मोठ्या जहाजांवर लिफ्टचे दोन किंवा तीन समूह असतात. त्यांतल्या मधल्या समूहापासून सहा-सात दरवाजे दूर अशी केबिन शोधावी. अगदी लिफ्टसमोरची नको, कारण तिथे लोक रात्री जेवून परतताना गप्पा मारत उभे राहतात. दुसरी गोष्ट उंबऱ्यांची, आणि ती एजंट सहसा सांगत नाहीत. केबिनच्या न्हाणीघराला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंचवटा असतो, बाल्कनीच्या दारालाही असतो. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला हलत्या जहाजावर रात्री दोन वाजता हा उंबरा ओलांडावा लागतो. न्हाणीघरही इतके लहान असते की ठणठणीत माणसाचे कोपर भिंतीला लागते. वडील काठी किंवा वॉकर वापरत असतील तर ‘अ‍ॅक्सेसिबल’ केबिनची विचारणा करावी. तिथे दार रुंद असते, उंबरा नसतो, आधाराच्या दांड्या आणि बसून आंघोळ करण्याची सोय असते. या केबिन्स थोड्या असतात, लवकर जातात, आणि गरज खरी आहे असे लेखी द्यावे लागते. वडील बिनकाठीचे चालत असतील तर ती केबिन ज्यांना खरोखर हवी आहे त्यांच्यासाठी सोडावी, हे माझे वैयक्तिक मत. तिसरी गोष्ट भिंतीतून खाली उघडणाऱ्या वरच्या पलंगांची. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी बऱ्याच केबिन्समध्ये असा शिडीचा पलंग असतो. काहींत त्याऐवजी सोफा-कम-बेड असतो. नेमके काय आहे ते आरक्षणाआधी विचारून घ्यावे.

मग सहा जणांची मांडणी कशी करावी? चार आणि दोन अशी विभागणी कागदावर स्वस्त दिसते, कारण तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचे मूळ भाडे बहुधा कमी असते. पण बंदर-शुल्क आणि सेवा-शुल्क प्रत्येकालाच पडते, आणि चौघांना एका छोट्या खोलीत एकाच न्हाणीघरासह चार सकाळी काढाव्या लागतात. मी तीन आणि तीन अशी विभागणी सुचवेन: आजी-आजोबा आणि चौदा वर्षांचे नातवंड एका केबिनमध्ये, आपण दोघे आणि धाकटे दुसऱ्या केबिनमध्ये. थोरल्याची रात्री आजी-आजोबांना सोबत होते, आणि टीव्हीचा रिमोट, थंड हवेचे बटण, दाराचे कार्ड ही सगळी खाती त्याच्याकडे जातात. त्या दोन केबिन्स शेजारी-शेजारी असण्यापेक्षा मार्गिकेच्या दोन बाजूंना समोरासमोर असाव्यात: समुद्राच्या बाजूची बाल्कनीची केबिन आजी-आजोबांना, आणि तिच्या समोरची आतली, बिनखिडकीची केबिन आपल्याला. आतल्या केबिनचे भाडे सर्वांत कमी असते. दिवसा सगळे कुटुंब एका बाल्कनीत चहा घेते, रात्री आपल्याला ठार अंधारात छान झोप लागते, आणि नऊ वर्षांचे मूल बाल्कनी नसलेल्या खोलीत झोपते, हाही जिवाला एक निवांतपणा असतो. बाल्कनीतली खुर्ची मात्र कठड्यापासून दूर ठेवावी. बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये किमान एक प्रौढ नोंदलेला असावा असा नियम ठेवतात. या मांडणीत तो आपोआप पाळला जातो.

दोन केबिन्सच्या मध्ये दार असलेल्या जोड-केबिन्स लोकांना आवडतात. दोन्ही आपल्याच असतील तर त्या सोयीच्या असतात. पण आपल्याला त्यांतली एकच मिळाली आणि पलीकडे परके कुटुंब आले, तर त्या पातळ दारातून त्यांची भांडणेसुद्धा शब्दशः ऐकू येतात. नकाशावर दोन केबिन्सना जोडणारी बारीक खूण असते. एकच घेत असाल तर ती खूण असलेली केबिन टाळावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जहाजावर केबिन्स मोकळ्या असूनही तिघांची किंवा चौघांची केबिन कधीकधी मिळत नाही, कारण त्या विभागाला नेमून दिलेल्या जीवरक्षक नौकांची क्षमता आधीच भरलेली असते. सुट्टीच्या हंगामात हे जास्त घडते, म्हणून आपण लवकर आरक्षण करावे.

एक बाल्कनी तरी हवी का, असेही आपण विचारू शकता. चार रात्रींत जागेपणी बाल्कनीत बसण्याचे तास मोजले तर ते फार नसतात. पेनांग आणि फुकेतला आपण दिवसभर बाहेर असाल. अलास्कात हिमनदीसमोर जहाज थांबते किंवा नॉर्वेच्या गेइरांगर फियॉर्डमध्ये दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात, तिथे मी कर्ज काढूनही बाल्कनी घ्या म्हणेन. मलाक्काच्या सामुद्रधुनीत दिसतात ती मुख्यतः मालवाहू जहाजे. तरी आपल्या बाबतीत मी एका बाल्कनीचा आग्रह धरतो, तो दृश्यासाठी नसून आईंना मोकळी हवा आणि क्षितिज मिळावे, आणि गुडघ्यांमुळे डेकवर न जाता वडिलांनाही समुद्र पाहता यावा म्हणून. ती बाल्कनी ज्या सर्वांत खालच्या डेकवर मिळते तिथलीच, मधली घ्यावी. घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, समोर जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना. अशा केबिन्सवर नकाशात ‘दृश्य अडलेले’ अशी खूण असते आणि त्या स्वस्त असतात. दोन, कठडा काचेचा आहे की पोलादी पत्र्याचा. काही जहाजांच्या खालच्या डेकवर तो भरीव असतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला फक्त पत्रा दिसतो.

डावी बाजू घ्यावी की उजवी, यावर लोक खूप डोके शिणवतात. आपण गेलेल्या वाटेनेच परत येणार असल्याने किनारा आणि ऊन जाताना एका बाजूला, तर येताना दुसऱ्या बाजूला येतील. तेव्हा हा विचार सोडून द्यावा. एकाच दिशेने जाणाऱ्या प्रवासात मात्र बाजूला अर्थ असतो. मराठीतही रुळलेला ‘पॉश’ हा शब्द इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या आणि परत जाताना उजव्या बाजूच्या, म्हणजे सावलीच्या, केबिन्सच्या तिकिटांवरील ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी) या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला, असे सांगतात. शब्दाच्या या व्युत्पत्तीला पुरावा मिळालेला नाही. सावलीचा हिशेब मात्र बरोबर आहे, कारण पूर्वेकडे येणाऱ्या जहाजाची डावी बाजू उत्तरेला असते आणि ऊन दक्षिणेकडून येते.

आता मुंबईच्या फेरीबद्दल. आईंची भीती जाण्यासाठी दोन रात्रींची मुंबई-गोवा किंवा तशीच फेरी उपयोगी आहे, आणि नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्र सहसा शांत असतो. पण तिथल्या अनुभवावरून सिंगापूरच्या जहाजाचा अंदाज बांधू नये. २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावाने मुंबईहून फिरू लागलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले, तेही तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठी. बाल्कनी ही तेव्हा चैनीची वस्तू होती. त्यामुळे तिथे बाल्कन्या मोजक्या आहेत, केबिन्स लहान आहेत, आणि सुमारे दोनशे दहा मीटरांचे ते जहाज सिंगापूरच्या जहाजांहून बरेच आखूड असल्याने त्याच लाटेवर थोडे जास्त हलते. तिथे मधली, खिडकीची केबिन घ्यावी. जहाज रात्री किनाऱ्यापासून दूर चालत असल्याने बाल्कनीसाठी तिथे जादा पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

व्यवहाराचे बोलायचे तर एजंटकडून केबिनचा प्रकार नव्हे, तर दोन्ही केबिन्सचे क्रमांक लेखी मागावेत आणि नकाशावर तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये. एजंटने गटासाठी केबिन्स अडवून ठेवल्या असतील तर त्यांचीही यादी मागता येते. आरक्षणानंतर कंपनीकडून ‘थोडे पैसे भरा आणि वरच्या प्रकारात जा’ असे संदेश येतील, कधी फुकट बढतीही येईल. ती आनंदाची बातमी वाटते, पण त्यात आपण निवडलेली मधली शांत जागा जाऊन तरणतलावाखालची मोठी केबिन पदरात पडू शकते. ‘आमच्या केबिन्स बदलू नयेत’ अशी नोंद आरक्षणावर करून घ्यावी. बऱ्याच कंपन्या ती करतात.

जहाजावर चढल्यावर सामान केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून वडिलांची औषधे आणि रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. इलेक्ट्रिक किटली घरीच राहू द्यावी, आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती सुरक्षा-तपासणीत काढून घेतात. चहाचे गरम पाणी बुफेत मिळते. भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे दोन-चार हुक नेले तर टोप्या आणि ओळखपत्रे टांगायला होतात. आपल्या आतल्या केबिनमध्ये रात्री काहीच दिसणार नाही, तेव्हा टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याची वाहिनी आवाज बंद करून चालू ठेवावी: रात्री ती मंद दिव्याचे काम देते आणि सकाळ झाली की पडदा उजळतो. केबिनमध्ये काही बिघाड किंवा असह्य आवाज आढळला तर त्याच संध्याकाळी स्वागत-कक्षात सांगावे. पहिल्या रात्री एखादी मोकळी केबिन मिळण्याची शक्यता असते. तिसऱ्या दिवशी फक्त दिलगिरी मिळते.